कोळशाच्या आगीची दोरी हवेच्या हाती. पेडणे-डिचोलीत शेगडी पेटवताना नेमकं काय चुकतं?

पाऊस ओसरला, समुद्र निवळला की पेडण्याच्या किनाऱ्यावर केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी इथं शॅक उभे राहू लागतात. संध्याकाळी कोळशावर भाजणाऱ्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत येतो. तिकडं डिचोली तालुक्यात मये, नार्वे, साखळी भागात सुट्टीच्या दिवशी कुणाच्या अंगणात, कुणाच्या कुळागरात शेगडी पेटते. पत्रादेवीवरून सिंधुदुर्गातले आणि चोर्ला घाट उतरून बेळगावचे पाहुणे येतात. अनेकांच्या गाडीच्या डिकीत घडीची शेगडी, कोळशाची पिशवी आणि बर्फात ठेवलेली, मसाला लावलेली मासळी असते.

बेत झकास असतो. पण तासाभराने ताटात येतो तो वरून करपलेला आणि काट्याजवळ कच्चा राहिलेला बांगडा. मग कुणी कोळशाला नावं ठेवतं, कुणी मसाल्याला. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आग ताब्यात नव्हती. गॅसचं बटण फिरवलं की आच कमी-जास्त होते. कोळशाला बटण नसतं, तरी तोही ताब्यात ठेवता येतो. त्याची दोरी हवेच्या हाती असते, एवढं समजलं की निम्मं काम झालं.

कोळसा जळतो कसा?

लाकूड कमी हवेत तापवलं की त्यातलं पाणी, धूर आणि वायू निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. तोच कोळसा. त्यामुळे पेटलेल्या कोळशाला लाकडासारखी मोठी ज्वाळा नसते, तो नुसता धगधगतो. लाल झालेल्या निखाऱ्याचं तापमान सहज ६०० ते ७०० अंश सेल्सियसपर्यंत जातं. फुंकणीने फुंकर घातली किंवा पंखा मारला की ते आणखी वर चढतं, कारण निखाऱ्याला जास्त प्राणवायू मिळतो.

याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. हवा कमी केली की निखारा मंदावतो, हवा पूर्ण बंद केली की विझतो. त्यावर राख चढली की ती पांघरुणासारखं काम करते. आच दाबली जाते, पण निखारा आत जिवंत राहतो. चुलीच्या काळात घरातल्या बायका रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी राख बाजूला सारून, फुंकर घालून त्याच विस्तवावर चहा ठेवत. काडेपेटी वाचवायची ती रीत म्हणजे हवा आणि राख वापरून आग सांभाळण्याचं पक्कं शास्त्र होतं.

जून-जुलैमध्ये ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. तेव्हा खारा बांगडा निखाऱ्यावर भाजणाऱ्यांना हे अजून ठाऊक आहे. सुकी मासळी लालभडक निखाऱ्यावर टाकली तर क्षणात कोळसा होते. म्हणून ती राख धरलेल्या निखाऱ्यावर ठेवतात.

घाई केली की जेवणाला उशीर

शेगडीवरची सर्वात मोठी चूक पहिल्या १५ मिनिटांत होते. कोळशाला कडेने ज्वाळा दिसली की लगेच जाळीवर मासळी चढते. त्या वेळी निम्मा कोळसा काळाच असतो. तो अजून धूर सोडत असतो आणि पुढची १५ मिनिटं आच वाढतच जाणार असते. भाजणारा जिथं "बरोबर आहे" म्हणतो, तिथून आग आणखी दुप्पट चढते.

कोळसा तयार झाल्याची खूण सोपी आहे. बहुतेक तुकड्यांवर करड्या-पांढऱ्या राखेचा पातळ थर दिसायला हवा आणि आतून लाली जाणवायला हवी. त्याला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. पावसाळ्यात किंवा दमट दिवसांत अधिक, कारण कोळसा हवेतला ओलावा शोषून घेतो. उघड्या पिशवीत महिनाभर पडलेला कोळसा फटफट उडतो, ठिणग्या टाकतो आणि उशिरा पेटतो. तो झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि वापरण्याआधी थोडा वेळ उन्हात पसरावा.

पेटवण्यासाठी रॉकेल-पेट्रोलची गरज नसते. रंग नसलेला मोठा पत्र्याचा डबा घ्यावा, दोन्ही बाजू उघड्या कराव्यात, खालच्या कडेला भोकं पाडावीत. त्यात कोळसा भरून खाली कागद किंवा सुकी सोडणं पेटवावीत. गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि डबा स्वतःच भात्यासारखा काम करतो. दुकानात यासाठी तयार नळकांडंही मिळतं. रॉकेलने पेटवलेल्या कोळशाचा वास मासळीला लागतो, ते एक. दुसरं जास्त गंभीर: अर्धवट पेटलेल्या कोळशावर पेट्रोल किंवा रॉकेल ओतलं तर त्याच्या वाफेचा भडका ओतणाऱ्याच्या हातापर्यंत आणि तोंडापर्यंत येतो.

बाजारात तीन प्रकारचा कोळसा दिसतो. साधा लाकडी कोळसा लवकर पेटतो, पण तुकडे लहान-मोठे असल्याने आच सगळीकडे सारखी राहत नाही. करवंटीचा कोळसा घट्ट असतो. तो उशिरा पेटतो, मात्र कडक आणि बराच वेळ जळतो, धूरही कमी. दाबून केलेल्या ब्रिकेट एकसारखी आच देतात, पण राख जास्त होते. चार-पाच जणांच्या मासळीला सहसा किलोभर कोळसा पुरतो. शेगडी काठोकाठ भरली म्हणजे जेवण लवकर होतं, हा गैरसमज आहे.

चुलीची वैल आठवा

जुन्या मातीच्या चुलीला शेजारी एक वैल असायची. मुख्य चुलीवर भाकरी किंवा भात आणि वैलावर मंद आचेत आमटी किंवा दूध. एकाच आगीच्या दोन आचा. शेगडीवर नेमकं हेच करायचं असतं.

तयार निखारे शेगडीभर पसरू नयेत. दोन तृतीयांश जागेत एका बाजूला ढीग करावा, उरलेली बाजू रिकामी ठेवावी. निखाऱ्यांवरची बाजू रंग आणि खरपूसपणा देते, रिकामी बाजू आतपर्यंत शिजवते. मासळी आधी कडक बाजूला ठेवून साल धरू द्यावी आणि मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण घालावं.

रेशादचा मसाला भरलेल्या बांगड्याला ही युक्ती फार उपयोगाची आहे. त्यात मिरची असते, बरेच जण साखर किंवा गूळही घालतात. दोन्ही लवकर करपतात. मध्यम आकाराचा बांगडा मध्यम-कडक आचेवर प्रत्येक बाजूने ३ ते ५ मिनिटांत होतो. अख्खा चणक किंवा तामसो जाड असतो. तिथं जाडीच्या दर इंचाला एकूण साधारण १० मिनिटं धरावीत आणि त्यातला बराचसा वेळ तो रिकाम्या बाजूला असावा. केळीच्या पानात गुंडाळला तर पान थेट धग अडवतं आणि आतली वाफ मासळी कोरडी होऊ देत नाही.

मासळी जाळीला चिकटते तेव्हा बहुधा जाळी थंड असते. ती आधी तापवावी, पुसावी, तेलाचा बोळा फिरवावा आणि मगच मासळी ठेवावी. साल नीट भाजली की मासळी स्वतःच जाळी सोडते. त्याआधी उलथनं घातलं की ती तुटणारच.

तेल किंवा चरबी निखाऱ्यावर ठिबकून ज्वाळा उठली तर पाणी शिंपडू नये. वाफ उसळते, राख उडते आणि जेवणावर बसते. मासळी रिकाम्या बाजूला सारावी आणि झाकण घालावं. हवा कमी झाली की ज्वाळा बसते.

हात हेच मापयंत्र

तापमापक नसेल तर हाताचा अंदाज चालतो. जाळीच्या वर वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर तळहात धरावा आणि सावकाश आकडे मोजावेत. दोन-तीनपर्यंतच टिकला तर आच कडक. चार-पाचपर्यंत टिकला तर मध्यम. आठ-दहापर्यंत टिकला तर मंद. मासळी आणि सुंगटं कडक-मध्यम आचेवर, हाडासकट कोंबडी मध्यम-मंद आचेवर.

शिजलं की नाही हे मात्र रंगावरून ठरवू नये. कोंबडीच्या सर्वात जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश तापमान मिळायला हवं. मासळीला साधारण ६३ अंश पुरतात. यंत्र नसेल तर मासळीचं मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटतं का ते पाहावं. मांसासाठीचा सुईचा तापमापक आता फार महाग राहिलेला नाही, आणि पाहुण्यांना कोंबडी घालणाऱ्याने तो ठेवलेला बरा.

झाकण आणि दोन झरोके

झाकणाच्या शेगडीला खाली एक आणि वर एक अशी हवेची दारं असतात. खालच्या दारातून हवा आत येते आणि आगीला खायला मिळतं. वरच्या दारातून धूर आणि गरम हवा बाहेर जाते. वरचं दार बहुतेक वेळ उघडं ठेवावं आणि आच खालच्या दाराने सांभाळावी. वरचं बंद केलं तर धूर आत कोंडतो आणि मासळीला काजळीसारखा कडवटपणा येतो.

दार थोडंसं फिरवावं आणि १० ते १५ मिनिटं थांबावं. बदल लगेच दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फिरवणारा आगीच्या मागे धावत राहतो. चढलेली आग उतरवणं कठीण, मंद आग चढवणं सोपं. म्हणून सुरुवात कमी हवेने करावी. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून पाहण्याची सवयही महाग पडते. साठलेली उष्णता निघून जाते आणि निखाऱ्यांना एकदम हवा मिळून आग पुढे भडकते.

या संयमाचा धडा पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या काजूच्या भट्ट्यांवर पिढ्यान् पिढ्या गिरवला जातो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भट्टीवरची कसोटी जुनीच आहे. रसाखालची आग जास्त झाली तर आंबलेला रस फेसाळून वर चढतो, कमी झाली तर थेंबच पडत नाहीत. भट्टीवाला लाकूड थोडं आत सारतो किंवा मागे ओढतो आणि वाट पाहतो. गोव्याचा पोदेर तर भट्टीत लाकडं जाळून निखारे बाजूला काढतो आणि भिंतींनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर पाव भाजतो. जाड मातीच्या किंवा विटांच्या शेगडीत आच स्थिर राहते ती याच कारणाने.

धुरात शिजवणं आणि धुरात टांगणं वेगळं

अलीकडे स्मोकर, म्हणजे धुरावर मंद शिजवण्याची भांडी, इकडेही दिसू लागली आहेत. त्यात आतलं तापमान साधारण ११० ते १३० अंश ठेवून मांस काही तास शिजवतात. कोळसा थोडा, हवा थोडी, आणि वर सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे. आत पाण्याची परात ठेवली तर ती उष्णता शोषते, चढ-उतार कमी करते आणि हवा ओलसर ठेवते.

धूर किती, यापेक्षा कसा हे महत्त्वाचं. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्याला हवा कमी पडते किंवा ते ओलं आहे. त्याने चव कडू होते. पातळ, जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा.

मोठा तुकडा शिजताना आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तास-दोन तास जागेवरच अडकतं. नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. खरं तर मांसावरचं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, जसं माठातलं पाणी पाझरून गार राहतं. वाट पाहावी किंवा तुकडा घट्ट गुंडाळावा. पाणी उडणं थांबलं की तापमान पुन्हा चढतं.

इथं एक धोकादायक गोंधळ होतो. गोव्यात चोरिसं उन्हात वाळवतात, काही घरांत चुलीच्या धुरावर टांगतात. ती टिकतात ती मीठ, व्हिनेगर आणि सुकवण यांमुळे. नुसता कोमट धूर मांस टिकवत नाही. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. मीठ न लावलेली मासळी किंवा कोंबडी मंद धुरात तासन् तास ठेवणं म्हणजे पोट बिघडण्याला आमंत्रण.

काय जाळू नये

पूर्ण सुकलेलं पेरूचं, चिंचेचं लाकूड किंवा नारळाची करवंटी धुरासाठी चालते. करवंटी आधी भडकून जळू द्यावी, निखारा झाल्यावर वापरावी. फर्निचरचे तुकडे, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, जाहिरातींचे चकचकीत कागद नकोत. त्यांतला डिंक आणि रंग विषारी धूर सोडतात.

आणि या भागासाठी खास सूचना म्हणजे काजूची टरफलं नकोत. दोडामार्गपासून सत्तरीपर्यंत ती ढिगांनी मिळतात आणि कडक जळतातही. पण त्यातलं तेल कातडीला फोड आणतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. कारखान्याच्या भट्टीत ती जळतात, जेवणाखाली जळू नयेत. बिब्ब्याचं लाकूडही याच कारणाने टाळावं.

वारा बघून शेगडी मांडावी

किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो, सूर्यास्तानंतर तो पडतो आणि रात्री जमिनीकडून सुटतो. दुपारी पेटवलेली शेगडी वाऱ्याने भडकलेली असते, तीच संध्याकाळी अचानक मंदावते. लोक मग कोळसा वाढवतात. शेगडीचं खालचं दार वाऱ्याच्या समोर असेल तर आग चढते, पाठीशी असेल तर उतरते. म्हणून शेगडी फिरवून पाहावी.

ठिणगी कुठं जाते तेही पाहावं. शॅकवर झावळ्यांची छपरं असतात. सड्यावर फेब्रुवारी ते मे सुकं गवत असतं आणि शेजारी काजूच्या बागा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यात ठिकठिकाणी वणवे लागले, तेव्हा सुकलेलं रान किती झटकन पेट घेतं हे सगळ्यांनी पाहिलं. उन्हाळ्यात शेगडीभोवतीचं गवत साफ करून पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

पाऊस आला तरी शेगडी घरात नको

सर्वात घातक चूक शेवटी होते. सर आली म्हणून पेटती शेगडी खोलीत, बंद गॅलरीत, तंबूत किंवा गाडीत आणली जाते. "आता धूर नाही, नुसते निखारे आहेत", असं म्हटलं जातं. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उत्तर भारतात थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. खिडकी किलकिली ठेवणं पुरेसं नाही. शेगडी उघड्यावरच राहावी, भिजली तर भिजू द्यावी. कुणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत न्यावं आणि १०८ ला फोन लावावा. हा क्रमांक गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक तिन्हीकडे चालतो.

वाळूत पुरलेला निखारा

जेवण झालं की किनाऱ्यावर अनेकजण निखाऱ्यांवर वाळू लोटतात आणि निघतात. वरून काही दिसत नाही. पण वाळू राखेसारखीच उष्णता आत धरून ठेवते. कित्येक तासांनीही त्या जागी अनवाणी पाय पडला तर पोळतो, आणि पहिला पाय बहुधा लहान मुलाचा असतो.

मोरजी आणि मांद्रे ही ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं आहेत. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही कासवं येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते, साधारण ५० दिवसांनी पिल्लं वर येतात आणि उजेडाकडे वळतात. तिथं पेटवलेली किंवा पुरलेली आग त्यांच्या वाटेतच येते.

कायद्याची बाजूही बाहेरून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. गोव्याच्या पर्यटनस्थळे संरक्षण व देखभाल कायदा, २००१ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं दंडनीय आहे. किनारा किंवा तलावाचा काठ यापेक्षा ओळखीच्या घराचं अंगण किंवा यजमानाने परवानगी दिलेली जागा बरी.

निखारे विझवायची रीत सोपी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. झाकणाची शेगडी असेल तर दोन्ही दारं बंद करून रात्रभर तशीच ठेवावी. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामाला येतो. नसेल तर थोडं थोडं पाणी लांबूनच ओतावं, काठीने ढवळावं, पुन्हा ओतावं. वाफ आणि चुरचुर थांबली, आणि राखेजवळ उलटा हात नेल्यावर धग लागली नाही, तरच आग विझली म्हणावं. विझलेली राखही प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कचरापेटीत न टाकता पत्र्याच्या डब्यात न्यावी.

राखेखाली झाकलेला विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो, हे चुलीवर हात पोळलेल्या प्रत्येक घराला माहीत होतं. त्या भरवशावरच सकाळचा चहा व्हायचा. किनाऱ्यावरून उठताना तीच गोष्ट आठवली, तर सकाळी तिथं खेळायला येणाऱ्या मुलाचा पाय वाचेल.